डझनामागे छत्तीस ग्रॅम

ग्रॅममावशी हे काही तिला घरच्यांनी ठेवलेलं नाव नव्हे. अंड्यांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनी ते ठेवलं, आणि ते असं चिकटलं की खुद्द मालकालाही, ज्याला तिने दप्तर पाठीवर असल्यापासून पाहिलं होतं, आता तिचं खरं नाव विचारलं असतं तर डोकं खाजवावं लागलं असतं. काम तिचं एकच. पोल्ट्रीतून सरमिसळ येणारी अंडी हातात घ्यायची आणि बारकं, मध्यम, मोठं, जंबो अशा चार खणांत लावायची. काट्याबिट्यावर काही ठेवायचं नाही. उजव्या हातात एक, डाव्या हातात एक, जेमतेम श्वास घेण्याइतकं थांबायचं, आणि अंडी आपापल्या खणात. तासाला हजार-बाराशे, आणि तोंडाने शेजारच्या फळवाल्याच्या सुनेची चौकशी चालूच.

छप्पन्न ग्रॅमच्या खाली मध्यम, छप्पन्नच्या वर मोठं, चौसष्टच्या वर जंबो. या रेषा तिच्या तळहातात होत्या आणि तीस वर्षं त्या हलल्या नव्हत्या. एकदा एका सोनाराने आपला काटा आणून पैज लावली होती. वीस अंड्यांपैकी एकोणीस बरोबर निघाली, एकात ग्रॅमभर फरक पडला. सोनाराने हात जोडले. मावशीचा मात्र दिवस वाया गेला. "त्या अंड्याची कोंबडीच लबाड होती," असं ती पुढे कितीतरी वर्षं सांगायची, आणि सांगताना हसायची नाही.

दुकानावर पाटी होती, 'हाताने निवडलेली अंडी'. लोक पाटी वाचून येत नसत, मावशीसाठी येत. कारण ती नुसती अंडी निवडत नसे, ती कशी घ्यायची तेही शिकवत असे, आणि शिकायला नकार देणाऱ्याची तिथे धडगत नव्हती.

"नगाचा दर काय बघताय? कोंबडीने सगळी अंडी फूटपट्टीने घातलीत का?" ती विचारायची. मग तिचा नियम यायचा. मध्यम अंड्याच्या दराचा सातवा हिस्सा काढायचा. मोठ्याचा दर मध्यमपेक्षा तेवढ्याहून कमी चढा असेल तर डोळे झाकून मोठं घ्यायचं, वजनाला स्वस्त पडतं. त्याहून जास्त चढा असेल तर मध्यम घ्या आणि गप घरी जा. मध्यम शंभरला असेल तर मोठं एकशे चौदापर्यंत परवडतं, एकशे वीसला घेतलंत तर तुम्ही टरफलाचे पैसे भरलेत. पण हेसुद्धा सगळ्यांना सरसकट नाही. उकडून माणशी एकेक वाढायचं असेल तर नग मोजा, मध्यम घ्या. फेटून पिठात घालायचं असेल तर वजन बघा. "पोटाला नग कळतो, केकला ग्रॅम कळतो," हे तिचं वाक्य ऐकून ऐकून गल्लीतल्या पोरांनाही पाठ झालं होतं.

गेल्या थंडीत तिला ताप आला. तीन दिवस घरी काढून ती परत आली, तेव्हापासून एक मजा सुरू झाली. मोठी अंडी जास्त निघायला लागली. आधी दिवसाला आठ ट्रे भरायचे, ते अकरा झाले. जंबोही वाढली. "कोंबड्यांनी मनावर घेतलंय," मावशी म्हणाली. मालक हसला. महिन्या-दोन महिन्यांनी त्याने तिचा पगार वाढवला, न मागता. मावशी त्या दिवशी घरी जाताना धाकट्या बहिणीसाठी लोकरीचे मोजे घेऊन गेली आणि दोघींनी मालकाच्या बापाची आठवण काढली. तोही असाच मोठ्या मनाचा होता.

उजव्या हाताला मुंग्या यायच्या, ती गोष्ट निराळी. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत. हात खाली घेऊन झोपले असेन, असं ती स्वतःला सांगायची. सकाळी किटली डाव्या हाताने उचलायची, डब्याचं झाकण बहिणीकडून उघडून घ्यायची. या वयात सगळ्यांचंच काही ना काही दुखतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही, आणि खरं म्हणजे स्वतःलाही नीटसं सांगितलं नाही.

मग एका सोमवारी दुपारी, दुकानात चिटपाखरू नसताना, केकवाली आली.

केकवाली म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे राहणारी तिशीतली मुलगी, घरच्या भट्टीत केक करून विकणारी. चार वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा स्वस्त म्हणून बारकी अंडी मागत होती. मावशीने तिला अर्धा तास उभं करून सातवा हिस्सा शिकवला होता. तेव्हापासून दर सोमवारी तीन ट्रे, मोठी. आज तिने ट्रे घेतले नाहीत. गल्ल्यासमोर उभी राहिली, पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली.

"मावशी, मालक कुठायत?"

"बँकेत गेलाय. का गं? माझ्याकडून घेऊन पोट भरत नाही का?"

"तसं नाही. बरंच झालं, नाहीयेत ते." ती जरा थांबली. "माझे केक बिघडतायत."

मावशीने खुर्ची पुढे ओढली. केकचं दुखणं म्हणजे तिचा आवडता विषय. "काय होतंय, सांग."

"कोरडे होतात. कडा कडक, आणि मध्ये चीर. एका लग्नाची ऑर्डर होती, तीन मजली. वरचा थर कापताना भुगा झाला. त्या लोकांनी पुढची ऑर्डर दुसरीकडे दिली."

"पीठ बदललंस?"

"दोनदा."

"भट्टी?"

"माणूस येऊन बघून गेला. भट्टी ठणठणीत आहे म्हणाला, वर स्वतःची फी घेऊन गेला."

"लोणी? साखर? फेटतेस किती वेळ?" मावशी एकेक विचारत गेली आणि केकवाली एकेकाला मान हलवत गेली. शेवटी मावशीने विचारलं, "अंडी किती घालतेस?"

"आठ. नेहमीसारखी." केकवालीने खाली बघितलं. "म्हणजे आठ घालत होते. आता महिनाभर नववं फोडते. त्यातलं अर्धं घालते. मग बरोबर होतो. उरलेल्या अर्ध्याचं ऑम्लेट करते माझ्यासाठी."

मावशी हसणार होती. अर्ध्या अंड्याचं ऑम्लेट, हसण्यासारखंच होतं ते. पण तेवढ्यात तिच्या डोक्यात हिशोब झाला. आठ मोठी म्हणजे, सरासरी साठने, चारशे ऐंशी ग्रॅम. अर्धं अंडं कमी पडतंय म्हणजे साडेचारशेच्या आसपास. ती हसली नाही.

"तू तोललीस का?"

केकवालीने पर्समधून तळहाताएवढा काटा काढला, अगदी हळू, काहीतरी चोरलेलं परत ठेवावं तसा. "ऑर्डरसाठी घेतला होता. मावशी, मी म्हटलं काटाच खोटा असेल. तुमचं अंडं कसं चुकेल?"

मावशीनेही आधी तेच म्हटलं. तिने फळीवरचं अर्ध्या किलोचं साखरेचं बंद पाकीट त्या काट्यावर ठेवलं. काटा बरोबर होता. मग तिने स्वतः आज सकाळी निवडलेल्या मोठ्यांच्या खणातून एक अंडं उचललं, ठेवलं. एकसष्ट. दुसरं. चोपन्न. तिसरं. त्रेपन्न. चौथं एकोणसाठ.

"महिनाभर माहीत होतं तुला?" तिने विचारलं.

"कसं सांगणार होते, मावशी? मला हे सगळं शिकवलंत तुम्हीच."

केकवालीला वाटलं, आपण काहीतरी बरं बोललो. मावशीच्या मनात मात्र दुसरंच आलं. ही पोरगी महिनाभर स्वतःचे पैसे घालून माझी चूक झाकत होती. आणि ज्यांना ती झाकता आली नाही अशी किती माणसं असतील, ते कोण सांगणार? तिने केकवालीला तिचे तीन ट्रे बांधून दिले. या वेळी प्रत्येक अंडं काट्यावर ठेवून, न बोलता. त्याला पाऊण तास लागला. दोघींपैकी कुणीच फळवाल्याच्या सुनेचा विषय काढला नाही.

केकवाली गेल्यावर मावशी मागच्या खोलीत गेली. तिथे पोल्ट्रीचा माल तोलायचा मोठा काटा होता. तिने मोठ्यांचा एक भरलेला ट्रे ठेवला, रिकाम्या ट्रेचं वजन वजा केलं. तीस मोठी म्हणजे अठराशे यायला हवीत. सतराशे दहा आली. तिने दुसरा ट्रे ठेवला, तिसरा ठेवला. नव्वदच्या आसपास सगळीकडेच कमी. चूक जर इकडेतिकडे झाली असती, कधी जास्त कधी कमी, तर तिने नशिबाला बोल लावला असता. पण ती सगळी एकाच बाजूला झुकलेली होती.

मग तिने डोळे मिटले. एक अंडं उजव्या हातात घेतलं. हात म्हणाला, साठ. तेच अंडं डाव्या हातात घेतलं. हात म्हणाला, चोपन्न. काटाही म्हणाला, चोपन्न. तिने असं दहा अंड्यांबरोबर केलं. डावा हात तीस वर्षांपूर्वी होता तसाच होता. उजवा प्रत्येक अंड्याला सहा ग्रॅम जास्त सांगत होता. दमलेल्या माणसाला रोजचीच पिशवी जड लागते, तेवढीच ही गोष्ट. हात अशक्त झाला होता आणि त्याला सगळंच जड वाटत होतं. तो बिचारा खोटं बोलत नव्हता. त्याला जे वाटलं तेच सांगत होता, आणि मावशीने ते लोकांना विकलं होतं.

मालक आला तेव्हा ती तिथेच ट्रे मांडून बसली होती. त्याने ट्रे पाहिले, काटा पाहिला, आणि पिशवी ठेवायला जरा जास्तच वेळ लावला. त्या वेळ लावण्यातच मावशीला कळलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"मावशी..."

"कधीपासून?"

मालक खोक्यावर बसला. चाळिशीचा माणूस, पण मावशीपुढे बसला की गृहपाठ न केलेला दिसायचा. "तीन-चार महिने झाले असतील. पोल्ट्रीतून माल वजनावर येतो ना. तेवढ्याच वजनात मोठी एकदम इतकी कशी वाढली, म्हणून एकदा तोलून बघितली."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगणार होतो. रोज सांगणार होतो. पण तू इतकी खुशीत होतीस. म्हटलं, हिच्या हाताचं हिला कसं सांगू? तुझं मन मोडलं असतं."

"माझ्या मनासाठी गप्प बसलास."

"हो."

"आणि गल्ल्यासाठी?"

मालकाने दाराकडे बघितलं. बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं, घोडी सारखी घसरत होती. "गल्ल्यासाठीही," तो शेवटी म्हणाला. "कुठलं किती, ते मलाही सांगता येणार नाही."

मावशीला त्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याने खरं सांगितलं म्हणून बरंही वाटलं. पगारवाढीचा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. तिने तो विचारला नाही. उत्तर ऐकायची तिची हिंमत नव्हती. ते लोकरीचे मोजे बहिणीने उरलेली सबंध थंडी घातले होते.

"उद्यापासून काटा पुढे ठेव, गल्ल्याशेजारी," ती म्हणाली. "आणि झालं ते मी लोकांना सांगणार आहे."

"सांगायचं कशाला? काटा वापरू ना हवं तर, इथे मागे. तू पुढे बस, हातात घेतल्यासारखं कर. लोक तुला बघून येतात, मावशी. काटा पुढे दिसला की त्या कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात आणि आपल्यात फरक काय राहिला? आणि होतं किती? अंड्यामागे तीन ग्रॅम. तीन ग्रॅम कोण बघतं?"

मावशीने त्याच्याकडे बघितलं. ती उठली, शाल घेतली आणि वेळेआधी घरी गेली. तीस वर्षांत असं दुसऱ्यांदा झालं, पहिल्यांदा ताप होता.

घरी धाकटी शिवणाच्या मशीनवर बसली होती. ती लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देते, आणि माणसांची मापं वाढतात पण ती कबूल करत नाहीत हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही बोलली नाही, आणि मग मावशीचा उजवा हात ओढून दिव्याखाली धरला. अंगठ्याच्या बुडाशी मांस झिजून खळगा पडला होता.

"गुरुवारी डॉक्टरकडे जायचंय," धाकटी म्हणाली. "ते झालं. आता दुसरं. तोंड उघडू नकोस."

"म्हणजे?"

"काटा वापर. उद्यापासून एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ देऊ नकोस. पण मागचं उकरू नकोस. कुणाला कळलंय? एका केकवालीला. ती बोलणार नाही. तीस वर्षं नाव कमावलंस ताई, तापानंतरच्या या वीस आठवड्यांसाठी ते घालवणार? लोक काय लक्षात ठेवतील सांगू? मावशी फसवत होती, एवढंच. हाताचं वगैरे कुणी लक्षात ठेवत नाही."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हीच अडचण होती. मावशीने चहा ठेवला, डाव्या हाताने. चहा होईपर्यंत तिने धाकटीचं म्हणणं मनातल्या मनात मान्य करून टाकलं होतं, हे सांगायला हवं. उद्या काटा येईल, कुणी विचारलं तर म्हणायचं, जमाना बदलला, आता सगळं यंत्रावर. लोक हळहळतील. आपण जरा हसायचं. नाव शाबूत राहील. फार सोपं होतं.

पण मग तिला मास्तर आठवले. निवृत्त गणिताचे मास्तर, दर मंगळवारी सकाळी पहिले हजर. एक डझन मोठी. गल्लीत त्यांना चिकट म्हणत. त्यांनी भाजीवाल्याशी दोन मिरच्यांवरून घातलेला वाद प्रसिद्ध होता. ते कुणाच्याही काट्यावर विश्वास ठेवत नसत, दुधाचं माप घरी नेऊन परत मोजत. फक्त मावशीची अंडी ते मोजत नसत. "बाईंचा हात आहे," म्हणत आणि पिशवी बंद करत. उद्या मंगळवार होता. ते पिशवी बंद करतील तेव्हा आपण जमाना बदलला म्हणून हसायचं, हे काही तिला जमेना. चहा उतू गेला.

सकाळी ती आली तेव्हा काटा गल्ल्याशेजारी होता. मालकानेच ठेवला होता, पुसूनबिसून. त्याचं तोंड उतरलेलं होतं आणि तो फडक्याने स्वच्छ फळी पुन्हा पुसत होता. बाहेर सातआठजणांची रांग होती, आणि पुढे मास्तर.

"हे काय?" त्यांनी काट्याकडे बोट दाखवलं.

मावशीने कालपासून शंभरदा जुळवलेलं भाषण सुरू केलं आणि ते दुसऱ्याच वाक्याला विसरली. मग तिने सरळ एक अंडं उजव्या हातात घेतलं. "मास्तर, माझा हात म्हणतो, मोठं," ती म्हणाली आणि ते काट्यावर ठेवलं. आकडे थांबले. "त्रेपन्न. मध्यम." तिने दुसरं उचललं. "हात म्हणतो, जंबो." काटा म्हणाला, साठ. तिसरं घेऊन तिने तेही ठेवलं.

"हा हात गेलाय," ती म्हणाली. "मागच्या थंडीत ताप आला तेव्हापासून. वीस आठवडे मी तुम्हाला मोठं म्हणून अर्धी मध्यम दिली आणि मोठ्याचे पैसे घेतले. मला काल कळलं. पण घेतले ते घेतले."

सगळे एकदमच बोलले. "अहो मावशी, चालायचंच." "तुम्ही काय मुद्दाम केलंत का?" "एवढंसं तर वजन, त्याचं काय घेऊन बसलात?" बेकरीच्या पावाची पिशवी घेतलेली एक बाई पुढे येऊन तिचा हात धरून म्हणाली, "तीन ग्रॅमने कुणी मेलंय का? तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आम्ही तुमच्याकडूनच घेणार." सगळ्यांनी माना डोलावल्या. मालकाच्या चेहऱ्यावर रंग आला. रडारड झाली नाही, आरडाओरडा झाला नाही, गिऱ्हाईक तुटलं नाही.

आणि मावशीला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं इतकं वाईट वाटलं. ही सगळी माणसं भली होती. त्यांच्या भलेपणात तिचं तोंड बंद होत होतं.

"काहीच नाही म्हणता?" ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "तीन ग्रॅम काहीच नाहीत? मग मी तीस वर्षं इथे बसून काय करत होते?"

पावाच्या पिशवीवाल्या बाईने तिचा हात सोडला.

मास्तरांनी मात्र खिशातून पेन काढलं होतं. ते आपल्या पिशवीवर धरलेल्या कागदावर काहीतरी लिहीत होते. "बाई," ते वर न बघता म्हणाले, "अंड्यामागे सरासरी किती, नक्की सांगा. तीन?"

"तीन. काल ट्रे तोलले. तीसला नव्वद."

"म्हणजे डझनामागे छत्तीस. मी एकही मंगळवार चुकवलेला नाही. वीस आठवडे. सातशे वीस ग्रॅम." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "माझी बारा मोठी अंडी निघतात तुमच्याकडे."

रांगेत संतापाची लाट आली. "काय मास्तर, शोभतं का?" "बाई आजारी आहे हो!" "बारा अंड्यांनी बंगला बांधणार का?" कुणीतरी मागून चिकट हा शब्दही उच्चारला, चांगला ऐकू येईल असा. मास्तर ढिम्म हलले नाहीत. ते मावशीकडे बघत उभे राहिले, दुधाच्या मापाकडे बघायचे तसेच.

मावशीने पदराने डोळे पुसले आणि खुर्ची काट्याजवळ ओढली. "बरोबर आहे," ती म्हणाली. "बाराच निघतात."

तिने डाव्या हाताने अंडी एकेक करून पातेल्यात ठेवायला सुरुवात केली. पातेल्याचं वजन आधी वजा केलं, ते मास्तरांना दाखवलं, मास्तरांनी चष्मा वर करून बघितलं. बाराव्या अंड्याला काट्यावर सातशे सतरा आले.

"तीन कमी," मास्तर म्हणाले.

"दिसतायत मला." तिने एक अंडं काढलं, दुसरं घेतलं, हातात जरा तोललं, परत ठेवलं, तिसरं घेतलं. सातशे वीस.

"झालं," मास्तर म्हणाले, अंडी पिशवीत घेतली, मग आजच्या डझनाचे पैसे मोजून गल्ल्यावर ठेवले. "आता माझं रोजचं द्या. याच्यावरच तोला." तीही तोलून घेतली आणि ते निघून गेले, कुणाकडेही न बघता.

मालक आत गेला होता. तो मोठ्यांचे दोन भरलेले ट्रे घेऊन आला आणि मावशीच्या शेजारी ठेवून गेला. पैशांचं काही बोलला नाही. मावशीने ट्रेकडे बघितलं, मग रांगेकडे. पावाच्या पिशवीवालीचा नंबर होता. ती पिशवी या हातातून त्या हातात करत होती. आपण आत्ता काय म्हणालो होतो ते आठवून तिला अवघडल्यासारखं झालं असावं.

"मावशी," ती शेवटी म्हणाली, "मी दर आठवड्याला घेत नाही. एक आड एक घेते. माझं किती होतं?"

"डझन घेता की अर्धा?" मावशीने विचारलं आणि पातेलं पुन्हा काट्यावर ठेवलं.